परीक्षेची भीती: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

घरी घडाघडा म्हणून दाखवणारी मुलगी दहावीचा पेपर हातात पडला की गोठते. मग पुढच्या पेपरला निघताना पालक बजावतात, ‘अजिबात टेन्शन घेऊ नकोस.’ हे आधी बंद करा. छातीतली धडधड, तळव्यांचा घाम सांगून थांबत नाही आणि तेवढ्याने गुण फारसे जातही नाहीत. लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ही शारीरिक धडधड आणि डोक्यातली काळजी वेगवेगळी मांडली. गुणांना नडते ती मुख्यतः काळजी. मनात एका वेळी थोडंच मावतं. तिथे ‘नापास झाले तर बाबा काय म्हणतील’ येऊन बसलं की हातचा सुटतो, चिन्ह चुकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पुस्तक पुन्हापुन्हा वाचणं. पाचव्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि मुलं त्यालाच ‘येतंय’ समजतात. वर्गसमीकरणाचं सूत्र घ्या. ‘वजा बी, अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए’ हे झोपेतून उठवलं तरी म्हणतील. पण बीची किंमत उणे पाच आली की ‘वजा बी’ म्हणजे अधिक पाच, हे हाताच्या सवयीचं झालेलं नसतं. ते उघडं पडतं थेट पेपरात. उत्तर जुळत नाही, खोडाखोड होते, एका गणितात बारा मिनिटं जातात, नजर घड्याळाकडे जाते आणि पुढची येणारी गणितंही बिघडतात. घरी सांगताना मात्र ‘घाबरले’ एवढंच सांगितलं जातं. अशा वेळी सराव आधी कच्चा असतो, भीती मागून येते.

म्हणून पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून सोडवायला बसवा. बीजगणिताचे ४० गुण, वेळ २ तास, म्हणजे गुणामागे ३ मिनिटं. आठवड्याला दोन पेपर पुरे, पण पूर्ण वेळेचे, टेबल-खुर्चीवर, सुट्टीच्या दिवशी बोर्डाच्याच वेळेला सकाळी ११ वाजता. फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवात निदान सहा आठवडे आधी हवी. शेवटच्या चार दिवसांत दहा पेपर उरकायची घाई करणाऱ्यांच्या हाती फक्त थकवा लागतो.

दीर्घ श्वास परीक्षेच्या दारात शिकवू नका. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं सहा वेळा, मिनिटभराचं काम. पण सरावाच्या पेपरातच ते अंगवळणी पडायला हवं, नाहीतर ऐनवेळी आठवतसुद्धा नाही.

अडलेल्या प्रश्नाला चिकटून बसू नये. तीन मिनिटांत पुढची पायरी सुचली नाही, तर जागा सोडून पुढे जावं.

आदल्या रात्री जागरण नको. जागं राहायला चहावर चहा तर नकोच, त्याने धडधड वाढते. पेपर सुटल्यावर फाटकाशी उत्तरं जुळवत उभं राहू नये, उद्याचा पेपर त्यातच बिघडतो.

मात्र रोज उलट्या, आठवडेच्या आठवडे झोप नाही किंवा ‘जगून काय करू’ अशी भाषा कानावर आली, तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवा. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.