बँकॉक ते सिंगापूर: ‘सव्वादोन तासांचं तर विमान’ म्हणणाऱ्यांच्या चुका

बँकॉक–सिंगापूर हवाई अंतर साधारण १,४०० किलोमीटर. ऐकलं की लोक भागाकार करतात: विमान ताशी ८५० ने जातं, म्हणजे पावणेदोन तासांत पोचलो. नाही पोचत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरायला नंबर लागणं हे सगळं धरून वेळापत्रकात दोन तास वीस मिनिटं ते अडीच तास लावलेले असतात. भागाकार सोडा, वेळापत्रक बघा.

खरी गोची घड्याळाची. सिंगापूर नकाशात बँकॉकच्या जवळजवळ सरळ खाली. रेखांशात जेमतेम सव्वातीन अंशांचा फरक, सूर्याच्या हिशेबाने तेरा मिनिटांचा. पण सिंगापूरचं घड्याळ अख्खा तास पुढे. १९८२ साली शेजारच्या मलेशियाने आपल्या द्वीपकल्पाची वेळ पूर्वेकडच्या बोर्निओ बेटावरच्या आपल्या भागाशी जुळवली, सिंगापूरनेही तेच केलं. म्हणून तिथे सकाळी सातच्या सुमारास कुठे उजाडतं.

२०१९ साली सासरच्या मंडळींबरोबर गेलो होतो. तिकिटं मेव्हण्याने काढली, मोबाइलवर, दहा मिनिटांत, आणि त्याचा त्याला अभिमान. सिंगापूर–मुंबईचं स्वस्त तिकीट आधी घेऊन टाकलं, दुपारी अडीचचं. मग बँकॉकहून साडेनऊचं विमान, वेगळ्या कंपनीचं. साडेनऊ अधिक दोन पंचवीस, अकरा पंचावन्न. अडीच तास हातात. तिकिटावर पोचायची वेळ १२:५५ छापलेली होती. ती वाचायला कोणाला वेळ?

विमान टेकलं, घोषणा झाली: स्थानिक वेळ बारा पंचावन्न. मेव्हण्याने मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं.

तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे बॅगा परस्पर मुंबईला जाणार नव्हत्या. इमिग्रेशनमधून बाहेर या, बॅगा उचला, पुन्हा काउंटरवर द्या. व्हिसा होता म्हणून निदान बाहेर तरी येता आलं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. बॅगा पट्ट्यावर आल्या तेव्हा दीड वाजून गेला होता आणि काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद. सासूबाईंनी चांगीच्या गालिच्यावर बसकण मारून चिवड्याचा डबा उघडला. नवी तिकिटं रात्रीची मिळाली. किमतीचा विषय आमच्या घरी अजून निघत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत: दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये एक मुक्काम. लोक हसतात, हसू देत. एकाच तिकिटावर जोडप्रवास मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त मोजा आणि झोपा. घड्याळ मी विमानात बसताच एक तास पुढे करतो, उतरल्यावर नाही. परतीला तोच तास परत मिळतो, पण त्यावर बेत आखू नका.

किरकोळ चुका:

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. तिकिटावरच्या कोडमध्ये सुवर्णभूमी म्हणजे बीकेके, डॉन मुआंग म्हणजे डीएमके. डीएमके वाचून तमिळनाडूचा पक्ष आठवला तरी हरकत नाही, पण वाचा. बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये एकीकडून दुसरीकडे जायला तास सहज जातो.

गूगलवर गाडीरस्त्याचं अंतर बघून विमानाचा अंदाज बांधू नका; ते अठराशेच्या वर जातं.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर चुकीच्या दारात उभे आहात.