इनडिझाइनमधल्या गाइड आणि त्यांचे रंग: या चुका टाळा

गाइडचा (पानाची मांडणी जुळवायला लागणाऱ्या रेषेचा) रंग बदलला, ओके दाबलं, पानावर मात्र काडीचाही फरक नाही. इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, रंग भलत्याच ठिकाणी बदललेला असतो. प्रेफरन्सेसमधल्या ‘गाइड्स अँड पेस्टबोर्ड’मध्ये मार्जिन, कॉलम, ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी पानाबाहेरची पट्टी), स्लग (पानाबाहेर सूचना लिहायची जागा) आणि स्मार्ट गाइडचे रंग मिळतात. पट्टीवरून ओढून आणलेल्या रुलर गाइडचा रंग मात्र लेआउट मेनूतल्या ‘रुलर गाइड्स’मध्ये असतो. तिथेही एक मेख आहे. काही सिलेक्ट न करता रंग बदललात, तर तो यापुढे काढायच्या गाइडना लागतो. आधीच्या जशाच्या तशा राहतात. त्या बदलायच्या तर कंट्रोल, ऑल्ट आणि जी (मॅकवर कमांड, ऑप्शन आणि जी) दाबून स्प्रेडवरच्या (समोरासमोरच्या पानांवरच्या) सगळ्या गाइड निवडा, मग रंग द्या. एखादी तरीही दाद देत नसेल तर ती पॅरेंट पेजवरून (अनेक पानांना लागू होणाऱ्या साचा-पानावरून) आलेली असणार. तिचा रंग तिथे जाऊनच बदलावा लागतो.

नवी फाइल उघडली की सगळे रंग पुन्हा मूळपदावर? फाइल उघडी असताना केलेला हा बदल त्या फाइलपुरताच राहतो. कायमचा हवा असेल तर सगळ्या फाइल बंद करून सेटिंग करा. स्क्रायबस या पानं मांडायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच फरक वेगळ्या रूपात भेटतो: ‘प्रेफरन्सेस’ नव्या फाइलसाठी, ‘डॉक्युमेंट सेटअप’ चालू फाइलसाठी.

आता रंग कोणता घ्यावा? इथे आवडनिवड बाजूला ठेवलेली बरी. रुलर गाइड मुळात सायन (हिरवट निळ्या) रंगाच्या, आणि पहिल्या लेयरवरच्या (थरावरच्या) फ्रेमच्या, म्हणजे मजकूर-फोटोच्या चौकटीच्या, कडा फिकट निळ्या. पान लहान करून पाहिलं की गाइड कुठली आणि फ्रेमची कड कुठली, हे कळत नाही. मग माणूस गाइड समजून फ्रेमच ओढतो. दोन्हींपैकी एक रंग बदलाच. लेयर पॅनेलमध्ये लेयरवर डबल-क्लिक केलं की त्याचा रंग बदलता येतो. पानावर समुद्र-आकाशाचे फोटो असतील तर गाइड नारंगी ठेवा. एकीला लाल आणि दुसरीला हिरवा, अशी जोडी मात्र नको. फाइल पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला हे दोन रंग वेगळे दिसतीलच असं नाही.

गाइड अजिबातच दिसत नसतील तर आधी डब्ल्यू दाबून पाहा. बऱ्याचदा प्रिव्ह्यू मोड चालू राहिलेला असतो. नाहीतर ज्या लेयरवर गाइड काढली तो लपवलेला असेल, किंवा ‘गाइड्स इन बॅक’ टिक असल्याने ती फोटोमागे गेली असेल. ‘रुलर गाइड्स’मधला ‘व्ह्यू थ्रेशोल्ड’ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो मुळात ५ टक्के असतो. कुणी १०० करून ठेवला, तर त्याहून कमी झूमवर गाइड गायब. बेसलाइन ग्रिडचा (मजकुराच्या ओळी जुळवायच्या आडव्या रेषांचा) थ्रेशोल्ड तर मुळातच ७५ टक्के. आणखी एक: लपवलेल्या गाइडला फ्रेम चिकटत नाही, लपवलेल्या ग्रिडला मात्र चिकटते. फ्रेम उगाच उड्या मारतेय असं वाटलं तर ‘स्नॅप टू डॉक्युमेंट ग्रिड’ तपासा.

पानाभोवतीचा पेस्टबोर्ड गडद ठेवणं मला फारसं पटत नाही. काळपट पार्श्वभूमीवर फोटो उजळ भासतात आणि छापून आल्यावर तेच मलूल वाटतात. इंटरफेस प्रेफरन्सेसमधली ‘मॅच पेस्टबोर्ड टू थीम कलर’ची टिक काढली की पॅनेल गडद राहूनही पेस्टबोर्ड पांढरा होतो.

याच नादात काहीजण स्वॉचेसमधल्या (रंगांच्या यादीतल्या) ‘पेपर’चा रंग क्रीम करतात आणि छपाईतही क्रीम येईल असं धरून चालतात. तो फक्त पडद्यापुरता असतो, छापला जात नाही. क्रीम हवंच असेल तर पॅरेंट पेजवर ब्लीडपर्यंत त्या रंगाचा चौकोन टाका.

गाइड एरवी छापल्या जात नाहीत. पीडीएफमध्ये रंगीत रेषा आल्याच, तर एक्सपोर्टच्या खिडकीत ‘व्हिजिबल गाइड्स अँड ग्रिड्स’ टिक राहिलेलं असतं. ते काढा आणि पीडीएफ पुन्हा बनवा.