लांबचा सिग्नल पकडायचाय? आधी सूर्याचं वेळापत्रक मांडा

१३६ किंवा ४७५ किलोहर्ट्झच्या रेडिओ बँडवर रात्र जागवायची ठरली की बहुतेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आधी अँटेनाकडे धावतात. माझी तयारी कागद-पेन्सिलीपासून सुरू होते. आपला आणि पलीकडच्या स्टेशनचा सूर्योदय-सूर्यास्त यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहून काढा. स्थानिक वेळेत नको. मी एकदा तसं केलं, आणि पलीकडे ऊन वर आल्यावर तासभर हाका मारत बसलो.

मग दोन्ही ठिकाणं जोडणारी रेघ ओढा, पण सपाट नकाशावर नाही, पृथ्वीगोलावर. रात्री साधारण ९० किमी उंचीवरून परतणारी लहर एका उडीत जास्तीत जास्त २,००० किमीच्या आसपास जाते. म्हणजे ती आकाशाला शिवते आपल्यापासून हजारेक किमीवर. अंधार हवा तो तिथे, आपल्या गच्चीवर नव्हे. आणि इतक्या उंचीवर ऊन जमिनीच्या आधी पोचतं: सूर्य क्षितिजाखाली साधारण ८ अंश असतानाच ७० किमीवर उजाडतं, विषुववृत्ताजवळ म्हणजे अर्धा तास आधी. आता गंमत बघा. पश्चिमेकडचं स्टेशन ऐकत असाल तर हजार किमी पश्चिमेला सूर्य अर्ध्या तासाने उशिरा उगवतो आणि उंचीमुळे तितकाच लवकर दिसतो. वजाबाकी जवळजवळ शून्य. सिग्नल तुमच्या सूर्योदयापर्यंत तग धरू शकतो. पूर्वेकडच्या स्टेशनला मात्र या दोन्ही वेळांची बेरीज लागते, ते तासभर आधीच ढासळू लागतं. यादीत या वेळा लाल शाईने लिहा.

हे होतं डी थरामुळे, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित पट्ट्यातल्या सगळ्यात खालच्या थरामुळे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी ६० ते ९० किमीच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात. आपली लहर त्यांना हलवते, ते दाट हवेतल्या रेणूंवर आपटतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. सूर्य गेला की इलेक्ट्रॉन पुन्हा रेणूंना चिकटतात, वाट मोकळी होते. मार्कोनीला हा फरक फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर कळला: दिवसा सुमारे ७०० मैलांपलीकडे संदेश मिळेना, रात्री मात्र २,००० मैलांवरूनही सिग्नल ऐकू येत होते.

दोन्ही बँड एकाच मापाने मोजू नका. ४७५ वर दिवसा वरून परतणारी आकाशलहर जवळपास संपते, उरते ती जमिनीलगत जाणारी भूलहर. १३६ वर डी थराचा तळच आरशासारखं काम करतो, म्हणून भर दुपारीही लांबचा क्षीण पण स्थिर सिग्नल मिळू शकतो. त्यामुळे दुपारी एक-दोन तास रेकॉर्डिंग करून ठेवाच. ती पायरेषा नसेल तर रात्रीची वाढ कशाशी ताडून पाहणार? युरोपातल्यांना सोपं आहे: ७७.५ किलोहर्ट्झवरचं जर्मन वेळकेंद्र डीसीएफ७७ दिवसरात्र चालू असतं, त्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी टिपा.

घरातला नॉइज दिवसाउजेडी शोधा. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर एकेक करून बंद करत वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या आलेखावर, नजर ठेवा. लूप अँटेना फिरवून उरलेल्या आवाजाचा नल, म्हणजे तो सगळ्यात कमी ऐकू येण्याची दिशा, शोधा. विजा कडाडण्याच्या मोसमात मात्र एवढं करूनही हाती फारसं लागत नाही. लांब रात्रींचा, कोरडा हिवाळा निवडा.

प्रसारण करणार असाल तर परवान्यात हे बँड आहेत का, शक्तीची मर्यादा किती, हे आधी पाहा. १३६ च्या २,२०० मीटर लांबीच्या लहरीपुढे आपली तार म्हणजे टाचणी, म्हणून आखूड तार जुळवून घेणारी लोडिंग कॉइल मोठी लागते आणि तारेच्या टोकाशी हजारो व्होल्ट चढतात. दुपारी नीट जुळवलेली अँटेना रात्री दव पडल्यावर सरकते. ती पुन्हा जुळवायला व्हेरिओमीटर (कमी-जास्त करता येणारी कॉइल) हाताशी ठेवा, आणि हात मात्र तारेपासून लांब.

मोड, म्हणजे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत, निवडताना पुन्हा सूर्याकडे बघा. मध्यरात्री वाट शांत असेल तर एफएसटी४डब्ल्यू या क्षीण सिग्नलसाठीच्या मोडचा १,८०० सेकंदांचा लांब डाव चालतो. पहाटे परावर्तनाची उंची ९० वरून ७० किमीकडे उतरते, लहरीची फेज (चढ-उताराचा टप्पा) सरकते, आकाशलहर आणि भूलहर एकमेकींना खोडून काढतात. अर्ध्या तासाचा संदेश त्यात विस्कटतो. तेव्हा दोन मिनिटांचा डब्ल्यूएसपीआर हा मोड लावा. त्याला घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं.

सकाळी सिग्नल गेला म्हणून रिसीव्हर लगेच बंद करू नका. सूर्योदयाच्या खड्ड्यात वॉटरफॉलवरची रेघ पुसट होत दिसेनाशी होते, आणि १३६ वर कधी कधी अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा उमटते, रात्रीपेक्षा फिकी पण हलत नाही अशी. तिची वेळही लॉगमध्ये घ्या.