लोच माशांचं शूटिंग करताना

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये फिश टँक बहुतेक हॉलमध्येच असतो, त्यामुळे समोरचा टीव्ही आणि खिडकी दोन्ही काचेत उमटतात. पडदे ओढा, हॉलचे दिवे बंद करा, फक्त टँकचा दिवा मंद ठेवा. तरीही प्रतिबिंब दिसलं तर फोनच्या मागे काळी ओढणी धरा. फोन काचेला समांतर ठेवा. तिरका धरला की मासा ताणल्यासारखा दिसतो. फ्लॅश कधीच नको.

व्हिडिओत दिवा लुकलुकत असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ५० करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० वर पट्टे येण्याची शक्यता जास्त.

लोच म्हणजे तळाशी वावरणारे मिशावाले मासे; ते संध्याकाळनंतर खुलतात. बुडणारे दाणे पुढच्या काचेजवळ टाका, फोन स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू करा आणि लांब बसा. मग पाहा: आधी मिशा वाळूवर फिरतात, मग तोंड खुपसलं जातं. दोघांची झटापट झाली की अंगावरचे पट्टे फिके पडून मासा राखाडी दिसतो. तो आजारी नसतो, थोड्या वेळाने रंग परततो. क्लाउन लोच आडवा पडून राहिला तरी लगेच काच ठोकू नका; ती त्याची विश्रांती असते. हे सगळं पाच-सहा जणांच्या कळपातच नीट दिसतं, एकटा लोच लपूनच राहतो.

झेब्रा लोच तर आपल्याच कृष्णा खोऱ्यातला, आणि निसर्गात धोक्यात आलेला. तो पाळला असेल तर प्रत्येक क्लिपवर तारीख आणि पाण्याचं तापमान जरूर लिहा.