चिखलाची बाटली: विनोग्राडस्की स्तंभ घरी कसा लावावा

तळ्याकाठचा काळा चिखल पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवला, तर दीड-दोन महिन्यांत त्यात काळे, हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे दिसू लागतात. प्रत्येक पट्टा म्हणजे जिवाणूंची वेगळी वस्ती, आणि तिची जागा ठरते ती दोन वायूंवरून. वरून ऑक्सिजन झिरपत खाली येतो, तळातून हायड्रोजन सल्फाइड वर चढतो. ज्याला जे जितकं सोसतं, तिथे तो राहतो. बाटली भरताना करायची प्रत्येक गोष्ट हे दोन प्रवाह चालू राहावेत म्हणून असते. अशा बाटलीलाच विनोग्राडस्की स्तंभ म्हणतात. उपाशी राहून बिघडलेला स्तंभ क्वचित आढळतो. जास्त खायला घातल्याने बिघडलेले मात्र सर्रास दिसतात.

चिखल कुठला घ्यायचा

तळं, संथ ओढा, भातखाचर, खाडीचा उघडा काठ, काहीही चालेल. वरचा तपकिरी थर बाजूला सारून 5-10 सेंटिमीटर खालचा काळपट, कुजट वासाचा गाळ घ्या. हा वास म्हणजे हवे ते जिवाणू आधीच हजर असल्याची खूण. एका बाटलीला साधारण पाऊण लिटर गाळ आणि त्याच जागचं अर्धा लिटर पाणी पुरतं. सांडपाण्याचा नाला टाळा. तिथे रोगजंतू असतात, शिवाय साबण आणि तेलही. खारफुटीत खणू नका, ती संरक्षित आहे. हातमोजे घाला आणि पायाला जखम असेल तर पावसाळ्यात चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

लोणारचा गाळ आणायचा मोह अनेकांना होतो. ते अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही. शिवाय जून 2020 मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं ते वेगळ्याच मंडळींमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग मीठप्रिय आर्किआंचा (जिवाणूंसारखे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) निघाला. आपल्या बाटलीतले जांभळे जिवाणू ते नव्हेत.

भरणं

एक लिटरची, सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या आणि तिचा निमुळता गळा कापून टाका. गाळातले दगड, काड्या, शंख-शिंपले, मुळं वेचून काढा. आत एखादी गोगलगाय मेली तरी तिथेच सडून सगळा हिशोब चुकतो. गाळात पाणी घालून तो भज्यांच्या पिठाइतका सैल करा.

यातला एक तृतीयांश गाळ, म्हणजे पाव लिटर, वेगळा काढा. त्यात वर्तमानपत्राचं अर्धं पान बारीक फाडून, भिजवून मिसळा (गुळगुळीत रंगीत पुरवणी नको). मग एक चहाचा चमचा जिप्सम आणि एक चमचा अंड्याच्या टरफलाची पूड घाला. कागदातलं सेल्युलोज हे अन्न, जिप्सममधून सल्फेट मिळतं, आणि टरफलातलं कार्बोनेट कुजताना तयार होणारी आम्लं शमवून कार्बन डायऑक्साइड पुरवतं. जिप्सम शेतीच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर उकडलेल्या अंड्याचा अर्धा बलक चालतो, पण वास फार मारतो. टरफलाऐवजी खडू घालणार असाल तर तुकडा आधी व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. फसफसला तर कार्बोनेट, नाहीतर तो प्लास्टरचा, म्हणजे जिप्समच. शाळेत मिळणारा खडू बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. खाडीचा गाळ आणि खारं पाणी वापरत असाल तर जिप्सम वगळा, समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं.

हा खुराकाचा गाळ तळाशी घाला. घडी केलेल्या फडक्यावर बाटली हलकेच आपटा आणि लांब काडीने भोसकून अडकलेली हवा बाहेर काढा. हवेचा बुडबुडा राहिला की तिथे ऑक्सिजन राहतो आणि थर फाटतो. त्यावर साधा गाळ घाला, एकूण पाऊण उंचीपर्यंत. मग चमच्याच्या पाठीवरून पाणी हळूहळू सोडा आणि वर तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. नळाचं पाणी घ्यावं लागलं तर आधी दिवसभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन बराच उडून जातो. तोंडावर प्लास्टिकचा कागद आणि रबरबँड लावा, कागदाला सुईने दोन भोकं पाडा. घट्ट झाकण नको, आत वायू तयार होतो. पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहा. यानंतर बाटली हलवायची नाही.

उजेड

उत्तरेकडची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या उन्हात बाटली तापते आणि वर नुसतं शेवाळ माजतं. दिव्याखाली ठेवायची असेल तर 40-60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब दीड फुटावर लावा. एलईडी इथे फारसा कामाचा नाही: जांभळ्या जिवाणूंचं रंगद्रव्य 800 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतं आणि घरगुती एलईडीत तो जवळजवळ नसतो. अशा उजेडात वरचं हिरवं वाढतं, खाली जांभळं फारसं येत नाही, आणि दोष उगाच चिखलाला दिला जातो.

शक्य असेल तर दुसरी बाटली अगदी तशीच भरून काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. तिच्यात काळं येईल, रंगीत काही नाही. कोणत्या वस्तीला उजेड लागतो हे त्यावरून कळतं.

काय दिसतं आणि का

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तळ काळा पडतो. क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू कागद तोडून साधी सेंद्रिय आम्लं करतात. डेसल्फोव्हिब्रिओसारखे ती खातात आणि श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याची चिखलातल्या लोहाशी गाठ पडली की काळं आयर्न सल्फाइड बनतं. वर, पाण्यात, तोवर नीलहरित जिवाणू आणि शेवाळ हिरवं झालेलं असतं.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात काचेलगत जांभळे-लाल डाग उमटतात. हे क्रोमॅशियमच्या जातकुळीचे. ते प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडतात, म्हणून ऑक्सिजन बाहेर टाकत नाहीत. त्यांच्या खाली शेवाळी हिरवा पट्टा येतो तो क्लोरोबियमचा. त्याला सल्फाइड जास्त सोसतं आणि उजेड कमी पुरतो. जांभळ्याच्या वरचा तांबूस, गंजासारखा पट्टा सेंद्रिय आम्लांवर जगणाऱ्या, सल्फाइड फारसं न सोसणाऱ्या जिवाणूंचा. रंगावरून गट ओळखा, नेमकी प्रजाती सांगायच्या फंदात पडू नका, ती डीएनए तपासल्याशिवाय ठरत नाही.

गाळ आणि पाणी जिथे भेटतात तिथे पांढरी, कोळिष्टकासारखी साय दिसली तर ती बहुधा बेजिआटोआची. या बाटलीमागचा मोठा शोध याच जिवाणूवर लागला. सर्गेई विनोग्राडस्की (1856-1953) स्ट्रासबुर्गमध्ये त्याचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ठेवून वरचं पाणी बदलत राहिले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असलं की तंतूंत गंधकाचे चकचकीत कण साठायचे, नसलं की विरून जायचे आणि त्यांचं सल्फ्युरिक आम्ल व्हायचं. सजीव निव्वळ असेंद्रिय रसायन ‘जाळून’ ऊर्जा मिळवू शकतो, ही कल्पना त्यांनी 1887 मध्ये मांडली. पुढे झुरिकमध्ये अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंवर काम करून त्यांनी ती पक्की केली. ड्रॉपरने त्या सायीचा थेंब काचपट्टीवर घेऊन 400 पट मोठा करून पाहिलात तर ते कण तुम्हालाही दिसतील.

बिघाड

चिखलात भेगा पडून थर वर उचलला गेला, तर कागद जास्त झाला. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठले आहेत. कडेने लांब काडी एकदाच खाली घालून वायू जाऊ द्या. पूर्ण बाटली काळी आणि वास असह्य, तर जिप्सम किंवा बलक जास्त पडला. इतक्या सल्फाइडमध्ये रंगीत जिवाणूही टिकत नाहीत, नव्याने भरलेलं बरं. दोन महिने काहीच झालं नाही, तर चिखल वाळूमिश्रित असेल किंवा उजेड कमी. पाणी रेघेखाली गेलं की तेवढंच वरून घालत जा.

बाटली रिकामी करायची ती घराबाहेर, मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त असेल तर नाक त्याला बधिर होतं, म्हणून वास गेला याचा अर्थ वायू गेला असा घेऊ नका. गाळ मातीत पुरा, हात साबणाने धुवा. नवी बाटली लावणार असाल तर जांभळ्या पट्ट्यातला चमचाभर गाळ राखून तिच्या मधल्या थरात मिसळा, रंग लवकर येतो.