सामुईवरच्या मौन शिबिराला जाताय? या चुका टाळा

थायलंडच्या आखातात को सामुई नावाचं बेट आहे. तिथे लमाई किनाऱ्याच्या वरच्या डोंगरात दीपभावन हे ध्यानकेंद्र आहे. थाई भिक्षू बुद्धदास भिक्खूंनी १९३२ मध्ये मुख्य भूमीवर, चैया गावाजवळ सुआन मोक्ख हा विहार स्थापन केला. तिथली आनापानसतीची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून करायच्या ध्यानाची, परंपराच या डोंगरावर चालते. या भागातल्या मौन शिबिरांना मी चार वेळा जाऊन आले. दर वेळी चेहरे नवे असतात, चुका मात्र त्याच. पहिल्या दोन मी स्वतः केल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दगडासारखं बसायचा हट्ट

दुसऱ्या शिबिरात माझ्या पुढ्यातली बाई तासभर जराही हलली नाही. तिला जमतं तर मला का नाही, असं म्हणून मीही मांडी सोडली नाही. आधी मुंग्या आल्या, मग गुडघ्यात कळ, आणि शेवटी डाव्या पायाची जाणीवच गेली. त्या तासाभरात श्वासाकडे मी पाचएक मिनिटं तरी पाहिलं असेल का, शंकाच आहे. सगळं लक्ष त्या बाईच्या पाठीकडे. घंटा झाली, मी झटकन उठले आणि सभामंडपाच्या पायरीवर पाऊल टाकलं. रात्रभर पाऊस पडून पायरी ओली होती. मेलेला पाय जमिनीला लागल्याचं कळलंच नाही आणि घोटा मुरगळला. संध्याकाळपर्यंत तो टम्म सुजला.

तिथल्या भिक्खूंनी काही न बोलता मागच्या रांगेतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. उरलेले दिवस मी खुर्चीवर बसले, आणि लांब श्वास अंगभर काय काय करतो हे मला पहिल्यांदा तिथेच दिसलं. आता मी पहिल्याच दिवशी ढुंगणाखाली दोन उशा घेते, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात. कळ आली की आधी तिच्याकडे पाहते, मग सावकाश पाय बदलते. घंटेनंतर दोन मिनिटं पाय चोळल्याशिवाय उठत नाही. बधिर पायाने उठू नका, आणि खुर्ची मागायची लाज बाळगू नका.

शिबिर दोन बोटींच्या मध्ये कोंबणं

याचा मला खरंच राग येतो. शेजारच्या को फांगान बेटावर हाद रिनच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला रात्रभराची फुल मून पार्टी होते. तिथे रात्र जागवून दुसऱ्या दिवशी बोटीने थेट शिबिरात येणारे मी पाहिले आहेत. उन्हाने पाठ सोललेली, डोळे लाल. पहिले दोन दिवस ते बसल्या जागी पेंगतात, तिसऱ्या दिवशी ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून सामान बांधतात. पद्धतीला त्यांनी संधीच दिलेली नसते.

पण माझी चूकही त्याच जातीची होती, फक्त दुसऱ्या टोकाची. पहिल्या वेळी शिबिर संपायचं त्याच दुपारचं परतीचं विमान मी घेतलं होतं. शेवटच्या आधीच्या दिवसापासून डोक्यात एकच हिशोब: डोंगरावरून खाली किती वेळ, बोटीला दीड तास, मग मुख्य भूमीवरच्या डॉनसाक बंदरावरून विमानतळ. महिना नोव्हेंबर, म्हणजे आखाताच्या या बाजूचा सर्वांत पावसाळी. समुद्र खवळला की बोटींना उशीर होतो. श्वासाऐवजी मी आभाळ बघत बसले. पश्चिम किनाऱ्यावरच्या फुकेतकडचा पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो. ते वाचून ‘नोव्हेंबरपासून कोरडं’ असं धरून चालणारे सामुईला येऊन फसतात. मी हल्ली दोन रात्री आधी बेटावर पोचते आणि शिबिरानंतर एक रात्र मोकळी ठेवते.

फोनचंही तेच. बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवलेला फोन दिवसभर मनात वाजत राहतो. केंद्राकडे देऊन टाका. ‘फक्त गजरासाठी’ ही सबब चालत नाही, पहाटे घंटा वाजतेच.

दुपारनंतरची भूक

शिबिरात अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळायचे असतात. त्यातला एक म्हणजे विकाल भोजन नाही, दुपारी बारानंतर घास नाही. या भीतीने नवखे दुपारच्या जेवणात पोट फुटेस्तोवर भात भरून घेतात आणि उकाड्यात दोन वाजताच्या बैठकीला घोरतात. काही जण बिस्किटं लपवून आणतात. या हवेत रात्रभरात मुंग्यांची रांग लागते, आणि जीव न मारण्याचं पहिलं शील घेतलेलं असल्याने मारताही येत नाहीत. नेहमीइतकंच जेवा, पाणी भरपूर प्या. संध्याकाळचं गरम पेय घोट घोट घ्या. माझी भूक साधारण तिसऱ्या दिवशी निवते.

डासांनाही तेच शील लागू. अंगभर कपडे घाला, संध्याकाळच्या बैठकीआधी मलम लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून सकाळीही लावा.

झोपायला लाकडी उशी असते, ती डोक्याखाली नको, मानेखाली घ्या. वर शाल गुंडाळा.

भिक्खूंच्या हातात बाईने थेट काही देऊ नये, समोर ठेवावं.

आधीची पद्धत मध्येच घुसवणं

आपल्याकडून येणारे बरेच जण गोयंका गुरुजींचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेले असतात. तिथे पहिले तीन दिवस आनापान आणि चौथ्या दिवसापासून अंगभरच्या संवेदना. इथे श्वास सोडून पुढे जायचं नसतं. आनापानसती सुत्त या बुद्धांच्या उपदेशातल्या सोळाही पायऱ्या श्वासासोबतच चढायच्या. पहिली पायरी लांब श्वास ओळखण्याची. दुसऱ्या दिवशी ‘पाचव्या पायरीची प्रीती (म्हणजे ध्यानातला आनंद) कधी येणार?’ असं विचारणारा मला दर शिबिरात भेटतो. त्याने अजून एकही श्वास शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. माझं मत ठाम आहे: आठवडाभर पहिल्या चार पायऱ्यांवरच राहिलात, तरी फेरी वाया गेली नाही. आणि दोन पद्धतींची खिचडी करू नका. आठवडाभर एकीलाच धरा.

मौनात आजार लपवणं

ताप, जुलाब, चक्कर, रात्र-रात्र झोप न लागणं, मन काळवंडून येणं, यातलं काहीही झालं तर लगेच सांगा. मौन यासाठी नाही. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांशी बोला, केंद्राला कळवा आणि ‘ध्यानाने बरं वाटेल’ म्हणून गोळ्या बंद करू नका. यात मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

सुटल्या सुटल्या स्कूटर

आठवडाभर सावकाश चाललेलं शरीर एकदम रहदारीत घालू नका. डोंगरउतार तीव्र आहेत, पावसात रस्ते निसरडे होतात. मी त्या दिवशी सोंगथेवच्या, म्हणजे मागे बाकं लावलेल्या सामायिक टेम्पोच्या, बाकावर बसते, लमाईला उतरते आणि संध्याकाळपर्यंत फोन मागत नाही.