जुलाब लागले तर: पाणी, मीठ, साखर आणि झिंक

कृष्णेला गढूळ पाणी आलं की सांगलीकडच्या गावांत पोटाच्या तक्रारी वाढतात. जुलाबात जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. म्हणून जुलाब थांबवायची गोळी शोधण्याआधी ओआरएस (पाण्यात कालवून प्यायची मीठ-साखरेची पूड) सुरू करा.

पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलिची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मिश्रण दाट होतं, ते आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. ही चूक फार घरांत होते. पाणी आधी उकळून गार करा, मग पूड घाला; कालवल्यावर उकळू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. शीग नको. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. चव घेऊन बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवा, मऊ भातही द्या, उपास नको. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका. आशाताईंकडं विचारा.

शौचात रक्त, डोळे खोल, लघवी बंद, मूल पेंगुळलेलं, पोटावरची चिमूट सोडल्यावर कातडी हळूहळू बसते? लगेच दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.